गळके डबे

मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
माझं काम एकच होतं.
बंद डबा कोमट पाण्यात बुडवायचा
आणि बुडबुडा येतो का बघायचं.
आला, की डबा बाद.
नजरेला न दिसणाऱ्या फटीतून
अख्खा हिवाळा नासतो,
असं आमचा मुकादम उर्मस म्हणायचा.

आता कारखान्याला कुलूप आहे.
फेरीतून उतरलेली नवरानवरी
त्याच्या पडक्या भिंतीपुढे उभी राहून फोटो काढतात,
आणि मी, सारेमा बेटाच्या या टोकाला,
स्वयंपाकघरात बसून
उरलेल्या डब्यांना
स्वतःच्या हातानं भोक पाडते.

खिळा चालत नाही.
शिवणाची सुई लागते, तीही बारीकातली,
दाबायची नाही, नुसती फिरवायची
पत्रा आपणहून हो म्हणेपर्यंत.

हे हेल्बेनं शिकवलं, माझ्या भाचीनं.
टार्टूहून आली ती
मुदत टळलेल्या फोटोकागदाचं पाकीट घेऊन.
भिंग नाही, बटण नाही.
कागद अंधारात वाकवून बसवायचा,
झाकणावर काळी चिकटपट्टी,
डबा खांबाला बांधायचा आणि विसरायचा.
किती वेळ?
डिसेंबर ते जून, म्हणाली.
मी हसले.
आमच्या पट्ट्यावरून मिनिटाला बेचाळीस डबे जायचे.

पहिल्या वर्षी सात बांधले.
दोन वाऱ्यानं नेले.
एक पोलिसांनी,
बंदरावर तारेनं आवळलेला डबा, शंका येणारच.
ठाण्यात जाऊन सांगितलं, आत सूर्य आहे.
कोवळा शिपाई, हसला नाही,
कात्रीनं पत्रा उघडला,
आणि त्याच्या टेबलावर कागद
हळूहळू जांभळा होत गेला,
आम्ही दोघं बघत राहिलो.

एकात पाणी शिरलं, बुरशीनं समुद्र खाल्ला.
बाकीच्यांत उमटल्या सूर्याच्या वाटा,
रोजची एक रेघ, कालच्याहून केसभर वर.
मार्चमध्ये नऊ दिवस ढग होते,
तिथं काळी पट्टी.
उर्मस कुत्र्याला घेऊन दिवसातून दोनदा
त्याच डब्यासमोरून जातो,
तो कुठंच नाही.
दाखवलं तर म्हणाला, मग उभा राहतो की!
आणि राहिला, पाऊण तास, थंडीत, टोपी काढून.
तरी आला नाही.

सातवा डबा एप्रिलात कलला होता,
एका तारेवर लोंबकळत.
त्याच्यात दोन क्षितिजं, एकमेकांना कापणारी,
सूर्याच्या रेघा अर्ध्यात वळून
समुद्रात घुसलेल्या.
माझा हात सवयीनं बादच्या पेटीकडे गेला.
पेटी नव्हती.
हात तसाच हवेत.

तेव्हापासून मीच त्यांना हलवते.
दर दुसऱ्या रविवारी एकाला अर्धा फेरा देते.
एकाला पाच भोकं पाडली
(वहीत नोंद: डबा चौदा, फार बडबड्या).
एकाच्या कागदावर समुद्राचं पाणी शिंपडून वाळवलं.
एकात भोकाशेजारी तमालपत्र ठेवलं,
माशाच्या डब्यात असतं तसं.
त्याच्या सावलीच्या शिरा
अख्ख्या बंदरावर पसरल्या.

कागद धुवायचा नसतो.
स्कॅनरच्या दिव्याखाली एकदा, बस.
तो दिवाही थोडं खातोच.
म्हणून तेवीस नंबर मी उघडलेला नाही.
तो कारखान्याच्या आवारात आहे,
ज्या खिडकीमागं माझं स्टूल असायचं
तिच्यासमोर. तिसरं वर्ष चालू आहे.

परवा उर्मसनं तो खांबावरून सोडला,
कानाशी धरून हलवला,
अंगठ्यानं शिवण चाचपली.
गळतोय, म्हणाला.
हो, म्हटलं, आण इकडे,
आणि तार परत आवळली,
या वेळी जरा तिरकी.