झारेकरी

बारची जमीन उकलायचं काम मला मिळालं.
नव्या मालकाला टाइल्स हव्यात, कॉफीचं मशीन हवंय.
दारावरची घोड्याची नाल मात्र राहू दे म्हणाला,
फोटोत बरी दिसते.

पहिली फळी कण्हत निघाली.
खाली वीतभर धूळ,
उंदरांची हाडं, मातीच्या चिलमींचे तुकडे,
एक शिलिंग, राणीचं नाक झिजलेलं.

कॉर्क आर्म्स आधी नुसता तंबू होता.
वॉम्बट फ्लॅट, अठराशे त्रेपन्नचा हिवाळा,
दोन पिंपं आणि त्यांवर आडवं टाकलेलं दार.
दार होतं, घर नव्हतं.
त्या दारामागे उभी राहून ऑनोरा ड्रिस्कॉल
विनापरवाना रम विकायची.
नवरा कुठाय विचारलं की पायाखाली बोट दाखवायची:
साठ फूट, ओली चिकणमाती, दोर तुटला.

नाणी कोणाकडेच नव्हती. सोनं होतं.
एका पेल्याला एक चिमूट.
पण चिमूट कोणाची?
म्हणून तिने जेगो पेंगेली नोकरीला ठेवला,
कॉर्नवॉलचा, अंगठा डावाएवढा.
तो चिमूट घ्यायचा, तराजूत सोडायचा,
मग सहज केसांतून हात फिरवायचा,
दाट केस, चरबी चोपडलेले.
रात्री ती परातीत त्याचं डोकं धुवायची
आणि पाणी फेकायची नाही.
गावाने त्याला प्रेम म्हटलं.
असेलही.

मग माडी चढली. व्हरांडा आला.
बैलगाडीतून पियानो आला, वाटेत तीन सूर सांडून.
पाहुण्यांची वही आली: हॅम्बुर्ग, गॉलवे, सॅन फ्रान्सिस्को,
खोली चारमध्ये ताप, खोली चारमध्ये शवपेटी,
खोली चार, धुतलेली, दोन शिलिंग.
परसातली विहीर ज्यांच्या पाणवठ्यावर खणली
त्या जारा माणसांचं वहीत एक नाव नाही.
ती कधी मुक्कामाला आलीच नव्हती;
ती घरीच होती.

एकाहत्तरच्या जानेवारीत आग लागली.
ओढ्यात पाणी नव्हतं, बादल्या होत्या.
लोक बादल्या घेऊन बघत उभे राहिले.
सोन्याचा धूर निघणं म्हणजे काय
ते त्या रात्री वॉम्बट फ्लॅटने डोळ्यांनी पाहिलं,
खोकत.

तिसऱ्या दिवशी मोक सिन आला.
अकरा वर्षं मागच्या दाराने भाजी घालणारा,
पुढच्या दाराने त्याला कधी कोणी घेतलं नव्हतं.
म्हणाला, राख विकता का?
हसले सगळे. ऑनोरा हसली नाही.
दोन पौंड, म्हणाली.

मागच्या दारातून जमीन छान दिसते.
चौथ्या पेल्यानंतर हात कसे थरथरतात,
फळ्यांमध्ये फटी किती,
हे त्याने कोबी तोलता तोलता पाहिलं होतं,
अकरा वर्षं.
सहा आठवडे तो राख धूत बसला.
किती निघालं ते कोणालाच माहीत नाही.
कोणी म्हणतं, कॅन्टनला तीन मजली घर.
पण हॉटेल पुन्हा उभं राहिलं, तेही विटांचं,
आणि खर्चाच्या वहीत पुढची एकोणीस वर्षं
दर नाताळाला एकच ओळ आहे:
मोक, कोबी, बारा पौंड.

इतका कोबी खाल्ला कोणी?

ही जमीन त्यानंतरची. तोवर नोटा आल्या होत्या,
खाणी पाण्याने भरल्या होत्या,
पियानो शाळेला देऊन टाकला होता.
इथे काही असायचं कारण नाही.

मालकाने फोनवर विचारलं, धूळ टाकली का?
टाकतो म्हणालो.
चार गोण्या भरल्यात, गाडीत सीटमागे.
निघताना हात डोक्यावर गेला, आपोआप.
मला टक्कल पडून वीस वर्षं झाली.