एक वायसर उरला

पाचव्या दिवशी पाणी आलं, पहाटे पावणेतीनला.
हौद काठोकाठ भरला.
वरची टाकी मात्र तशीच,
बोटाने वाजवली तर रिकाम्या डब्यासारखी बोलली.

बटण दाबलं.
मोटर नुसतं ऊंऽऽ म्हणाली,
जाग आलीय पण उठणार नाही,
असं म्हणतं ना माणूस, तशी.

मैनोद्दीन मिस्त्री इंडीला, मेव्हण्याच्या लग्नात.
सकाळी फोनवर ताशा वाजत होता,
त्यातून एवढंच कळलं:
"भाबी, लई वेळ चालू ठेवू नका, जळंल."

मग आधी सगळं चुकीचं केलं.
फ्यूज बदलला. जुना चांगलाच होता.
व्होल्टेजला शिव्या दिल्या,
पण समोर कारखान्यातले माग तर खडखडत होते.
चपलेने दोन फटके दिले.
हारिका मोबाईलचा उजेड धरून हसायला लागली,
"अम्मा, काय करलालीस? टीव्ही हाय का ती?"

पिन काढली. मागची जाळी उघडली.
आत पंखा, त्यावर कोळ्याचं जाळं
आणि पालीच्या अंड्याचं टरफल.
म्हणजे आमच्याआधी इथे कुणीतरी संसार केलेला.

रोज हजार विड्या वळतात ही बोटं.
पान किती ओलं, तंबाखू किती दाटली,
न बघता सांगतात.
तीच पंख्याला लावली.
जागचा हलेना.
पाच दिवस बसून बसून गंजाने धरलेला.
खोबरेल सोडलं चार थेंब, चहा पिऊन आले,
मग पानं कापायच्या कात्रीच्या टोकाने
थोडा इकडे, थोडा तिकडे,
रुसलेल्याला हलवावं तसा.
आणि सुटला!
गरगर फिरला एका बोटावर.

पिन लावली. बटण.
ऊंऽऽ.

चन्नवीरच्या दुकानात जाऊन मीही तसंच ऊं करून दाखवलं.
गिऱ्हाइकं बघत राहिली.
तो म्हणाला, "पंखा हाताने फिरतोय? मग कपॅसिटर गेला."
एकशे वीस रुपये.
म्हणजे पाचेकशे विड्या, माझ्या हिशेबात.
"आणि जुन्याच्या टोकांना हात लावू नका,
बंद असला तरी झटका राखून ठेवतो."
मला आमचे मामंजी आठवले.

लाल तार लाल जागी, काळी काळ्या जागी.
कागदावर आधी चित्र काढून घेतलं होतं हारिकाने,
तेवढं एक शहाणपण.
बटण.
फिरली! असा आवाज की वाटलं आता गच्चीवरून धबधबा येईल.
जिना चढून पाइपाच्या तोंडाशी हात धरला.
हवा. गरम, वैशाखाची.

बूच काढून पाणी ओतलं.
पाणी ओढायला तिला आधी पाणी पाजावं लागतं,
हे पन्नाशीत कळलं.
एक तांब्या, दोन, सात.
पोट भरेचना.
कान लावला तर खाली हौदात बारीक ठिपठिप,
वरून घालतेय ते खालून परत चाललेलं.

मग दोघींनी मिळून पाइप ओढून काढला,
हारिका कमरेपर्यंत भिजलेली, मी घामाने.
टोकाच्या व्हॉल्व्हची झडप नीट मिटत नव्हती.
मध्ये धागा अडकलेला.
वीतभर, लाल, चादरीचा.
कुठल्या मागावरून उडाला, कसा हौदात उतरला,
काय की.
चिमटीने ओढला
आणि सवयीने विडीच्या धाग्यांच्या डब्यात टाकला.

तांब्याने पाणी ओतलं. तिसऱ्यालाच काठाला आलं आणि राहिलं.
दोघी त्या गोल भोकातल्या पाण्याकडे बघत बसलो.
खाली जाईना.
बूच घट्ट. बटण.

आधी खोकली.
मग आवाज जड झाला,
भरल्या घागरीसारखा जड,
आणि गच्चीवरून हारिका ओरडली,
"अम्माऽऽ, नीळ्ळु!"
पाणी म्हणायला तिला आजही आधी तेलुगूच सुचते.

संध्याकाळी मैनोद्दीनचा फोन आला,
उद्या येतो म्हणाला.
ये, म्हटलं, चहाला ये.
एक वायसर उरलाय, तो कुठला तेवढं सांग.
मोटर तर चालू हाय.