कुठली कळ

एदुविना बार्रिया, वय एकोणसाठ,
चिलोए बेटावरच्या केयोन गावात
बावीस वर्षं शिंपल्यांसाठी बुड्या मारून
आता गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीत.
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. लाकूडसुद्धा फोडायचं नाही.
भाचा दानको बोटीवर कामाला जाताना
जुना लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवून गेला.
"बेटच आहे गं मावशी. तुला जमेल."

पहिल्या रात्री ती सात वेळा मेली.
एकदा थंडीनं.
एकदा कच्चं मांस खाऊन; तिला ते भाजायचं होतं,
बोट शेजारच्या कळीवर पडलं.
एकदा रानडुकरानं.
दोनदा माणसांनी, त्यातल्या एकानं आधी सफरचंद दिलं होतं.
एकदा कड्यावरून, खाली कसं बघायचं ते शोधताना.
सातवं मरण कशाचं होतं
ते कळलंच नाही.
आणि दर वेळी परत तोच किनारा,
अंगावर सूत नाही, हातात एक दगड.

आता ओल्या लाकडावर विस्तव कसा धरायचा
हे एदुविनाला कोण सांगणार?
तिच्या पाठीमागच्या शेगडीत या क्षणी तेच धुमसतंय.
मासा ती न बघता साफ करते,
काळ्याकुट्ट पाण्याखाली हातमोज्यांनिशी गाठ मारते.
पण इथे दोर म्हणजे गवताच्या तीन काड्या, एक कळ,
मग एक चौकट, आणि चौकटीच्या आड दुसरी कळ.
हात जाणते, बोटं अडाणी.
बोटांना कुणी शाळेत घालत नाही या वयात.

रात्री वस्तीच्या फाटकाशी आवाज येत.
एकाचा तर अजून फुटलेलाही नव्हता.
"तांबं कुठे मिळतं?" तिनं विचारलं.
"आधी वाचून यायचं, आजी."
"कुठे वाचायचं?"
आतून थोडं हसू. मग फाटक.

तिनं कानाला खडा लावला.
दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर खडा काढला.

नवव्या दिवशी झोपडी उभी राहिली.
वाकडी, पण चार भिंतींची. पेटी. दार.
दानकोला तिनं फोटो पाठवला, बोटीवर रेंज नव्हती.
सकाळी पेटी रिकामी,
भिंतीसुद्धा नेल्या होत्या, म्हणजे बघा.
मागे एक मशाल आणि पाटी, खाली सही: पुदू.
'दार वेगळं, कुलूप वेगळं.'
ती बराच वेळ त्या पाटीकडे बघत बसली.
तिच्या खऱ्या दाराला कुलूप आहे,
किल्ली कुठे आहे ते विचारू नका.
चोरानं जे शिकवलं
ते फाटकाआडच्या शहाण्यांनी शिकवलं नव्हतं,
हे तिनं शेजारच्या ओतिलियाला सांगितलं.
ओतिलिया म्हणाली, गुडघा कसा आहे?

पाचव्या आठवड्यात तिच्याकडे कुलूप आहे,
त्याचा आकडा आईच्या होडीचा नंबर.
तांबं आहे. कुऱ्हाड आहे.
पुदूच्या पेटीतून आणलेली चांगली चामडी टोपीसुद्धा आहे,
त्याबद्दल ती बोलत नाही.

आणि आज धुक्यात, किनाऱ्यावर,
उघडावाघडा एक कुणीतरी.
हातात दगड. समुद्राकडे तोंड करून चालतोय,
वळायची कळ सापडलेली नसावी.
मग सापडली. वळला. तिला बघून थिजला.

हात हलवायला कुठली कळ असते
हे एदुविनाला अजून माहीत नाही.
फेकायची माहीत आहे. वार करायची तर आंधळेपणी.
वाकायची एक आहे.
तिनं ती दाबली. सोडली.
दाबली. सोडली.
कुऱ्हाडीसकट एक बाई धुक्यात
बसते, उठते, बसते, उठते,
जसं काही गुडघ्यात कळ नावाची गोष्टच नाही.

तो चार पावलं पुढे आला.
त्यानं दगड उचलला,
किंवा दगडवाला हात खाली कसा घ्यायचा
ते त्याला अजून माहीत नसेल.
एदुविना पुन्हा बसली.