एक बोट तर्री

देवकाबाई निमजे पावणेपाचला टिमकीतून निघतात.
काळी चोवीस इंची सायकल, घंटी नाही,
मागे पोह्यांचा डबा,
पुढे हँडलला दोरीनं आवळलेलं तर्रीचं भांडं.
कॉटन मार्केट येईस्तोवर
मडगार्डवरून लाल तेलाचा ओघळ
चाकापर्यंत उतरलेला असतो.

"दोन प्लेटी रोज सांडून राह्यल्या, भाऊ.
मागं बांधा म्हणू नका.
मागं पोहे, पोह्यांवर चणे, चण्यांवर कांदे."

मी ग्रिलं करतो, गेटं, कूलरचे स्टँड.
एप्रिलात हे गाव दुसरं काही सुचू देत नाही.
तरी खडू घेतला,
दुकानाच्या फरशीवर सायकल काढली बाजूनं,
मग वरून,
मग बायको चहा घेऊन आली आणि चाकावरून चालत गेली.

पहिलं स्टँड दोन हुकांचं, हँडलच्या दांडीवर.
अर्ध्या तासात झालं, आणि तसंच निघालं.
सायकल उभी केली की भांड्याच्या वजनानं
हँडल गर्रकन वळायचं,
मागून कोणी नाव घेतल्यासारखं.

दुसऱ्याला पाय दिले. अर्ध्या इंची पाइप,
थेट पुढच्या चाकाच्या आसापर्यंत.
ब्रेकच्या सळया आडव्या आल्या, त्यांना वळसा.
ओझं खाली आणलं, मडगार्डला टेकेल इतकं.
भांड्यात गेरूचं पाणी भरून
रात्री अकराला गोळीबार चौकाला फेऱ्या मारल्या.
रस्ता सिमेंटचा, सपाट म्हणतात त्याला,
पण थोड्या थोड्या अंतरावर सांधा आहे,
आणि एकेक सांधा माझ्या पायजम्यावर उतरला.
पानठेल्यावरून वासुदेव खापरे ओरडला,
"काऊन बे, या वयात रंगपंचमी?"

सरळ जाताना ठीक होतं.
वळताना मात्र हात जेवढा द्यावा
त्याहून जास्त मागायचं.

ओझं हँडलवर ठेवूच नये,
हे मला रात्री अडीचला कळलं, कूलरच्या घरघरीत.
सायकलच्या मानेला, जिथे कंपनीची पितळी पाटी असते,
तिथे दोन पट्ट्या, चार बोल्ट,
मध्ये ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर.
हँडल वळेल. भांडं सरळ राहील.
सकाळी वेल्डिंग करताना मी शीळ घालत होतो म्हणे.

देवकाबाई कोपऱ्यापर्यंत गेल्या
आणि सायकल हातात धरून परत आल्या.
"मी इकडं वळली, भांडं तिकडंच पाह्यते.
मले वाटलं, दुसरंच कोणी चालवून राह्यलं."

मी समजावलं. वजन कुठे, आस कुठे,
रेघ मारून दाखवली.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.
"तुमचं बरोबर असंन.
पण वळणावर मी चाकाकडं नाही पाह्यत, भाऊ.
पंधरा वर्षं भांड्याकडं पाह्यते.
ते वळलं का मी वळली."

फरशीवर याला जागा नव्हती.
मी खडू खिशात टाकला.

दोन दिवसांनी मडगार्डच्या नाकावर
एक सळई उभी केली,
भांड्याच्या काठावरून दिसेल एवढी.
ती चाकाबरोबर वळते.
टोकाला काही तरी लाल हवं होतं,
देवकाबाईंनी हातातली प्लास्टिकची बांगडी काढून दिली.
आता त्या बांगडीकडे पाहतात.

आठवड्यानं भांडं आणलं, घासायच्या आधी,
मीच सांगितलं होतं तसं.
तर्री हिंदकळून वर चढते
तिथे आतून लाल कडं उमटतं.
आधी ते चार बोटं वर असायचं.
मी बोट लावून मोजलं. एक.

म्हटलं, हेही घालवतो,
झाकणाला आतून रबराची पट्टी बसवू,
दोन चिमटे लावू,
मग थेंब नाही हलणार.

"राहू द्या," त्या म्हणाल्या,
भांडं कमरेला लावत.
"एक बोट राहू द्या.
रोज त्याच्यावरून जाते मी.
रस्त्याचंही काही असते."