टॉर्च

सक्करदऱ्याच्या खोलीत, भर दुपारी
कूलर बंद केला.
वाऱ्यानं धूळ उडते, आणि एक कण जरी काचेखाली गेला
तरी जन्मभर डोळ्यांत खुपतो.
शेचाळीस डिग्री. कोपरानं घाम पुसत
तीन पात्यांचे स्क्रू काढले, पोह्याच्या वाटीत टाकले.
जुना पडदा निघाला
गार झालेल्या काळ्या चहासारखा,
स्वतःचा उजेड नसलेला.

त्याला उजेड बाहेरून लागायचा.
लोडशेडिंगमध्ये चारू टॉर्च धरायची
माझ्या खांद्यावरून, तिरपा.
"काऊन हालतं बे, नीट बस नं."
ठरलेलं होतं : तीनदा मेलो की तिची पाळी.
मी मरायचो,
सांगायचो नाही.
तिला तिकडून नुसती चकाकी दिसायची.

कटरनं आतले प्लास्टिकचे दोन दात उडवले,
रिबन सरकवली, पट्टी दाबली.
काहीच नाही.
परत काढली, खोडरबरानं टोक पुसलं,
फुंकर मारायची सवय आवरली.

मग एकदम उजळला.
अरे, हा डोंगर निळा होता!
वीस वर्षं काळा समजून
त्याच्यावरून उड्या मारत होतो.
आणि हात अजून खिडकीकडे वळतात,
यंत्र तिरपं करतात, कशासाठी कोण जाणे.

डाव्या कोपऱ्यात एक कण राहिलाच.

फोटो काढून भिलाईला पाठवला.
चारूचं उत्तर रात्री अकराला, पोरं झोपल्यावर :
"टॉर्च नाही लागत नं आता?
मंग माही पाळी दे."