वाकडे खिळे

मला काम मिळालं ते खिळे सरळ करायचं.
एक रात्र विमानात, दोन तास फेरीबोटीत,
सुटकेस भरून हातमोजे, ताडपत्री, बॅटऱ्या,
एकतीस वर्षं हडर्सफील्डच्या चढावर बस चालवलेले हे दंड,
आणि ऑरेलिया मॅक्लॉड म्हणते,
"छपरावर चढायचं तुझं वय गेलं, बाई.
तो दगड घे. ती बादली घे. बस."

बादलीत हॉलचे जुने खिळे,
काही वादळाने उपटलेले, काही पहारीने काढलेले,
प्रत्येकाचं वाकणं निराळं.
नवे खिळे बंदरात अडकलेत,
त्यांचे कागद कुठल्याशा टेबलावर सहीची वाट बघताहेत.
तोवर हेच.

आडवा धरायचा. पोक वर.
हलक्या हाताने ठोकायचं, रागाने नाही;
रागावलं की तो दुसऱ्याच बाजूला वाकतो.
पहिल्या दिवशी चाळीस झाले.
आणि माझा एक अंगठा.

वासे खरोखरच फिरले होते.
एक सापडला शाळेच्या टाकीत,
एक स्मशानात, मावशीच्या क्रॉसला टेकून,
थकून बसल्यासारखा.
इथे मतदान व्हायचं, लशी टोचायचे,
शवपेटी ठेवायची ती इथेच, अन् रात्रभर डॉमिनो.
इथल्याच मंचावर नऊ वर्षांची मी
पाठ केलेलं सगळं विसरून रडले होते.
तो मंच आता खारफुटीत आहे, तिरका.
सकाळी त्यावर एक बगळा उभा असतो,
काहीच न विसरलेला.

कॉस्मो बेथेलला घर बांधता येत नाही.
त्याला होड्या येतात.
म्हणून दर तासाला तो खाली उतरतो,
आमच्याकडे पाठ करतो, ओणवा होतो
आणि दोन पायांमधून छपराकडे बघतो.
उलटं दिसलं की त्याला कळतं
पाणी कुठून शिरणार ते.
पोरं हसतात. तोही, तसाच, ओणवा.

त्याच्या स्वतःच्या घराला तीन भिंती
आणि निळी ताडपत्री, रात्रभर फडफडणारी.
मी विचारलं, "मग तुझं आधी का नाही?"
तोंडातले खिळे त्याने एकेक करून तळहातावर काढले,
मीच सरळ केलेले.
"कोणाचं घर आधी," म्हणाला,
"यावर भांडायला जागा नको?
रस्त्यात भांडलो तर ते नुसतं भांडण."
खिळे परत तोंडात.

गुरुवारी भांडलो. अर्धं छप्पर झालं होतं.
झेल्माकडे तान्हं बाळ.
ग्लॅडस्टनची आई अंथरुणाला खिळलेली.
पास्टर म्हणाले चिठ्ठ्या टाकू,
तर ऑरेलियाने त्यांच्याकडे असं पाहिलं
की त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.
मग सर आली, उघड्या बाजूवर,
आणि कोणी काही न बोलता, म्हणजे बोलणं न थांबवता,
खुर्च्या उचलून सगळे छपराखाली सरकले.
भांडण चालूच राहिलं.
आवाज तेवढे उतरले.
इतक्या जवळच्या तोंडावर ओरडता येत नाही.

झेल्मा पहिली. कॉस्मो अकरावा.
त्याने कोळशाने भिंतीवर आकडा लिहिला,
लांबून पाहिला, एक आकडा जरा सरळ केला.

मी निघाले त्या सकाळी जहाज आलं.
नवे खिळे, खोक्यांत, तेल लावलेले,
सगळे एकाच आईचे.
कॉस्मोने एक उचलून ओठांत धरला,
थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग थुंकला.
"चव नाही याला," म्हणाला.
"बोट अकराची आहे ना तुझी?
मग बादली संपव आधी."