सोमवारी, शटर अर्धं ओढून

सोमवारी उद्यमनगर गप्प असतं.
लेथवर मी जुना टॉवेल टाकतो,
शटर अर्धं ओढतो, आणि त्याखालून
वाकून आत येतात दोघं :
दिलावर, ज्याचा टीव्ही कायमचा इथंच, ड्रिलच्या खोक्यांवर,
आणि सन्मती, चपलेच्या बॉक्समध्ये साठ पत्ते घेऊन.

दिलावर एकाच राक्षसाकडून
एकेचाळीस वेळा मेलाय. मी मोजलंय.
दर खेपेला म्हणतो, "कळलं आता,"
आणि कळलेलं असतं फक्त एवढंच
की तिसऱ्या डरकाळीनंतर डावीकडं उडी.
तेही डोक्याला ठाऊक नाही अजून.
अंगठ्याला आहे.

सन्मतीचा डाव आदल्या रात्रीच अर्धा होऊन गेलेला.
साठांत काय घ्यायचं ते कोणपण सांगेल, म्हणते,
काय घरात ठेवायचं ते बोल.
तिचा सगळ्यात देखणा पत्ता, सोनेरी कडेचा गरुड,
ज्याच्यापायी वडणग्याच्या एका पोराला सात पत्ते मोजले,
तोच बॉक्सच्या तळाशी पडून.
"महाग पडतो."
पैशाचं नाही म्हणत ती.
गरुड हातात येऊन उडेपर्यंत
समोरचा तीन चाली पुढं गेलेला असतो.

मी दोघांकडून हरतो. माझं सोडा.

परवा लाइट गेली.
राक्षस मेला नाही, नुसता विझला.
मोबाइलच्या उजेडात, लोखंडाच्या चुऱ्यावर पेपर अंथरून
दिलावर पत्त्यांना बसला
आणि आलं ते टाकत सुटला.
चौथ्या फेरीला हात रिकामा.
"आता कुठनं सुरू करायचं?"
"सुरू न्हाई करायचं," सन्मती पत्ते गोळा करत म्हणाली,
"हरायचं."

लाइट आली तशी कंट्रोलर तिनं घेतला.
राक्षस समोर. तिनं त्याला नीट निरखलं,
खांदे, शेपूट, कुठला पाय आधी टाकतो,
आणि आपली खेळी यायची
वाट बघत उभी राहिली.
"अगं, त्यो थांबत नसतोय!"
बेचाळीस.

चहा येईपर्यंत भांडले दोघं,
डोकं कशाला जास्त लागतं म्हणून.
मला विचारलं. मी म्हटलं, साखर कमी आहे.

मंगळवारी शिरोलीहून कास्टिंग आलं.
ड्रॉइंग रात्रीच वाचून ठेवलेलं,
कुठं हात लावायचा नाही ते लाल पेन्सिलीनं.
मशीन फिरलं, टूल लागलं,
आणि आत कुठंतरी, ओतताना राहिलेल्या पोकळीवर,
आवाज बदलला.
ते ड्रॉइंगमध्ये नव्हतं.
हात मागं आला. माझ्या आधी.

मायक्रोमीटर लावला. बसतंय.
नवीन बिट घ्यायला डबा उघडला तर
आत, विसरली की ठेवून गेली कोण जाणे,
सोनेरी कडेचा गरुड,
एका पंखाला ग्रीस.